साखळी प्रार्थना

१

"चौथं माणूस मिळालं बघा घरात. आता तुम्हाला जरा झोप मिळंल."

हे सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, आणि ते मी ऐकावं म्हणून नव्हतं. लग्नाला एकच दिवस झाला होता. मी मोरीत बसून नखांत अडकलेली हळद घासत होते, आणि मोरीची भिंत स्वयंपाकघराला लागून होती.

नव्या सुनेची असली वाक्यं ऐकायची तयारी असते. सासूला आता आराम, हे तर मांडवातच चार जणी म्हणून जातात. पण सासऱ्यांना? एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, दिवसभर खुर्चीत. सून आल्यानं त्यांची कुठली झोप वाचणार होती? मी विचार केला आणि ठरवलं, पाण्यासाठी जागत असतील. या शहरात नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही त्याच्या मर्जीनं. स्पष्टीकरणं शोधण्यात मी पहिल्यापासून हुशार.

फक्त एक गोष्ट त्यात बसेना. दादांचा (सासऱ्यांना सगळे दादाच म्हणतात) आवाज पार बसलेला होता. लग्नात ओरडून बसतो तसा. आणि लग्नात तर ते कुणाशी एक शब्द बोलले नव्हते.

२

सासर छावणीत, चर्चपासून हाकेच्या अंतरावर. पुढची खोली, स्वयंपाकघर, वर आमची खोली. आणि खाली मागच्या बाजूला आणखी एक, जिला दाराऐवजी हिरव्या फुलांचा पडदा.

"भाऊची खोली," प्रणय म्हणाला आणि पुढं गेला.

भाऊ म्हणजे प्रणयचा मोठा भाऊ इंद्रजीत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. स्थळ आलं तेव्हाच हे सांगितलं होतं. पुढच्या खोलीत त्याचा फोटो आहे. फोटोला हार नाही, आमच्यात घालत नाहीतच. पण खाली तारीखही नव्हती. जन्माची होती, दुसरी नव्हती.

त्या संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेला सतरंजी त्या पडद्यासमोर अंथरली. आधी दादांनी प्रार्थना केली, मग सासूबाईंनी, मग प्रणयनं. शेवटी मी. डोळे मिटून मी नव्या घरासाठी आशीर्वाद मागितला आणि "येशूच्या नावानं मागते, आ—" इथवर आले, तेवढ्यात माझ्या तोंडावर एक हात आला. मऊ, लसणाच्या वासाचा.

"तेवढं राहू दे बाई," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात नाय म्हणत."

सगळे उठले. सतरंजी तशीच राहिली.

आमच्यात नाय म्हणत. जसं काही कुणाकडं श्रीखंडात वेलची घालत नाहीत. पण मग मला दिसायला लागलं. जेवणाआधीची प्रार्थना "बस, जेवा" इथं संपायची. रविवारी दादा घरीच थांबायचे; चर्चमध्ये शेवटच्या आशीर्वादाच्या आधी प्रणय उठून बाहेर जायचा, त्याच्या मागं सासूबाई, आणि मी चप्पल शोधत. घर आशीर्वादायला चर्चचे पाळकसाहेब आले, तर त्यांचा शेवटचा शब्द यायच्या आत सासूबाईंनी हातातला चहाचा ट्रे सोडून दिला. कप फुटले. सासूबाईंच्या चेहऱ्यावर मात्र, देवाशपथ, सुटकेचा भाव होता.

माझे पपा जालन्याला. त्यांची प्रार्थना छोटी. सांगायचं ते सांगायचे, मोठ्यानं आमेन म्हणायचे आणि कुशीवर वळून घोरायला लागायचे. आईचं ऑपरेशन चालू असताना त्यांनी दवाखान्याच्या जिन्यात तशीच छोटी प्रार्थना केली, आमेन म्हटलं, आणि मला म्हणाले, "चल, चहा पिऊ. आता ते त्याच्याकडं." आई गेली. त्या दिवशीही त्यांनी आमेन म्हटलं. मी कितीतरी महिने त्यांच्याशी नीट बोलले नव्हते.

३

प्रार्थना संपत नाही म्हणजे काय, ते हळूहळू कळलं.

भाकरी थापताना सासूबाईंचे ओठ हलत असायचे. मला वाटायचं, कुकरच्या शिट्ट्या मोजतात. त्या माझ्याशी बोलायला वळल्या की पुढच्या खोलीतून दादांचा फाटका आवाज सुरू. दादा मोरीत गेले की इकडं सासूबाईंचा चढायचा. भरलेली घागर दोघांनी हातोहात द्यावी, तसं चाललेलं. प्रणय कंपनीतून आला की बूट काढायच्या आधी सतरंजीवर बसायचा, आणि दादा "घे" एवढंच म्हणून आडवे व्हायचे. बसल्या जागी, उशी न घेता.

मागच्या भिंतीला लागून सगीरा खालांचं घर. गेल्या वर्षी शहागंजातून इथं भाड्यानं आलेल्या. गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी मला हाक मारली.

"दुल्हन, तुमच्याकडं लई इबादत होती गं. दिन नै, रात नै. अच्छी बात है. पण जेठजींना एकदा डॉक्टरला दाखवा ना."

"कुणाला?" थोरला दीर तर आता आमच्या घरात नव्हताच.

"वो मागच्या खोलीवाले. साँस लई फुलती उनकी. भिंत लगून है ना, ऐकू येतं."

"दादा असतील," मी म्हटलं. "त्यांचा आवाज बसलाय."

खालांनी चिमटा तोंडातून काढला. "दादा तो सामने बैठके पढ़ते. ये पढ़ते नै. ये सिर्फ साँस लेते."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. ओला दुपट्टा त्यांनी दोनदा झटकला आणि खाली निघून गेल्या.

४

दौलताबादला जायचं मीच काढलं. लग्न होऊन इतके दिवस झाले आणि आम्ही दोघं मिळून भाजी आणायलासुद्धा गेलो नव्हतो. किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू घेतले, तिखटमीठ लावून. अंधारीच्या, त्या काळोख्या भुयाराच्या वाटेत वटवाघळांना भिऊन एक कॉलेजची पोरगी किंचाळली, आणि प्रणय माझ्याकडं बघून म्हणाला, "तू भीत नाहीस का गं कशाला?" मला ते कौतुक वाटलं.

बाहेर उजेडात आल्यावर त्यानं घड्याळ बघितलं, घरी फोन लावला आणि तटाला टेकून खाली मान घालून बोलायला लागला. मला वाटलं, आईशी बोलतोय. जवळ गेले तर तो प्रार्थना करत होता. तिकडं घरी सासूबाईंनी फोन स्पीकरवर टाकून पडद्याच्या उंबऱ्यावर ठेवला होता. पेरूच्या फोडी काळ्या पडेपर्यंत मी शेजारी बसून राहिले.

"साखळी प्रार्थना आहे," नंतर तो म्हणाला. "भाऊला बेड मिळाला नाही तेव्हा सुरू केली. चर्चची अख्खी मंडळी होती फोनवर, प्रत्येकाची तासाची पाळी."

"मग?"

"सकाळी त्याचा श्वास थांबला. दादांची पाळी चालू होती. ते आता आमेन म्हणणार, तेवढ्यात मम्मीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, प्रार्थना चालू असताना देव उठून जात नाय. तुम्ही मिटवली तर तो जाईल."

"पण प्रणय, तुम्ही त्यांना पुरलंत ना?"

"पुरलं ना," तो म्हणाला. "महापालिकेची गाडी आली होती. मी स्वतः कबरस्तानात होतो."

खाली पार्किंगमध्ये एक माणूस माकडांना हाकलत होता.

"मंडळीतल्या लोकांनी दोन दिवसांत सोडलं," प्रणय म्हणाला. "आम्ही तिघं राहिलो. मेघा, दादांच्यानं आता होत नाही गं. दुपारची एक पाळी. तू घे."

चौथं माणूस. मला पेरूची बी दातात अडकल्यासारखं ते वाक्य आठवलं.

५

दुपारची पाळी मी घेतली. का, तर दादा खरंच मरायला टेकले होते, आणि मला प्रणय आवडत होता. आणि मनात म्हटलं, प्रार्थनाच तर आहे. दु:खात माणसं याहून विचित्र गोष्टी करतात.

सतरंजीचा रंग बसून बसून एका ठिकाणी गेला होता. त्या जागी बसलं की पडदा हाताच्या अंतरावर. मी पाठ असलेलं सगळं म्हणायचे, मग गाणी, मग ते संपलं की घरातल्या वस्तूंसाठी आभार. गॅसच्या शेगडीसाठीसुद्धा मी आभार मानलेत.

आणि माझ्या आवाजाच्या खाली दुसरा आवाज यायचा. आखूड, वरवरचा, छातीत न पोचणारा श्वास. तो खालून, पलंगाच्या उंचीवरून यायचा. पडदा थोडा आत ओढला जायचा, थोडा बाहेर यायचा.

पंखा म्हणावा, तर त्या खोलीतला पंखा काढून पुढं लावलेला. खिडकीला फळी ठोकलेली. सगीरा खालांच्या घरचा टीव्ही, पाण्याचा पाइप, मांजर. माझ्याकडं रोज एक नवं स्पष्टीकरण असायचं आणि ते पाळीपुरतं टिकायचं. एक मात्र मी कधी केलं नाही. पडदा बाजूला सारून बघितलं नाही. भीत नाहीस का गं, असं प्रणयनं पुन्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हळूहळू एक वाईट गोष्ट कळली. मी मनापासून, जोरात प्रार्थना केली की तो श्वास वाढायचा. बरा व्हायचा नाही, नुसता वाढायचा. बुडत्या माणसाला कुणी केसांना धरून नाकापुरतं वर ठेवावं, तसा.

त्यानंतर मला देवाशी बोलता येईना. तोंड चालायचं, शब्द यायचे. पण वर कुणी ऐकतंय असं वाटणं बंद झालं. ऐकणारं जे काही होतं ते समोर होतं. लहानपणापासून जी एक जागा माझी होती, आई गेल्यावरही मोडली नव्हती, ती या घरानं चटईसारखी खालून ओढून घेतली.

६

पाण्याचा दिवस होता. प्रणय कामावर. दादा गच्चीवर टाकीपाशी, सासूबाई बाहेर पाइप धरून, मोटर चालू, सगळ्या गल्लीत बादल्यांचा आवाज. पाळी माझी.

"ओ दुल्हन!" सगीरा खाला भिंतीवरून ओरडल्या. "तुमचा ड्रम वाहून चाल्ला!"

जालन्याच्या माणसाला वाहतं पाणी बघवत नाही. मी वाक्य अर्धं टाकून उठले, मोरीत गेले, नळ बंद केला, आणि पदराला हात पुसताना लक्षात आलं, घरात कुणीच बोलत नाही.

मोटरही त्याच वेळी थांबली.

या घरात मी शांतता पहिल्यांदा ऐकली. शांततेत फ्रिजचा आवाज असतो, रस्त्याचा असतो. हिच्यात नव्हता. आणि तो श्वासही नव्हता.

मी परत आले. पडदा आत ओढलेला होता आणि तसाच थांबला होता. मधोमध कापडाला एक खळगा पडलेला, वाटीएवढा. पलंगाच्या उंचीवर नाही, माझ्या तोंडाच्या समोर. पडद्याच्या कडेला, चौकटीवर, आतून चार बोटं धरलेली होती. नखं निळी. कोरोनात दवाखान्याबाहेर उभ्या राहिलेल्या कुणालाही ओळखता येतील, तशी निळी.

"म्हण," आतून आलं.

तो आवाज नव्हता. आवाजाला लागते तेवढी हवाच नव्हती.

"म्हण ना."

त्या "ना"नं मला जागेवर धरून ठेवलं. धमकी असती तर मी पळाले असते.

तेवढ्यात सासूबाई ओल्या पायांनी धावत आल्या, घसरल्या, आणि पडल्यापडल्याच ओरडायला लागल्या, "हे प्रभू, हे प्रभू, हे कृपाळू बापा—" पडदा सैल पडला. बोटं नव्हती. खालून, पलंगाच्या उंचीवरून, तो आखूड श्वास पुन्हा सुरू झाला.

७

दादांनी येऊन पाळी घेतली. मी सासूबाईंच्या गुडघ्याला हळद लावत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुला काय म्हणाला?"

मी त्यांच्याकडं बघितलं. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"मला पण म्हणतो," त्या म्हणाल्या. "मी भाजी चिरताना जरा गप्प झाले की म्हणतो. लहानपणी दूध मागायचा तस्सा. मम्मी, म्हण ना."

"मग म्हणत का नाही?"

"आई हाय मी. आईनं कसं म्हणायचं?"

"मम्मी, त्यांना त्रास होतोय. आपण त्यांना तिथं दाबून ठेवलंय."

"हाय तरी," त्या म्हणाल्या. "त्रासात का होईना, हाय."

मी विचारलं, "आणि ते नसतीलच तर? दुसरंच काही असेल, ज्याला बाहेर यायचंय?"

सासूबाईंनी माझं मनगट सोडलं. हे त्यांनी आधी विचारलेलं होतं, स्वतःला, कितीतरी वेळा. ते चेहऱ्यावर दिसलं. "मग तर मुळीच नाय म्हणायचं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर थांबता येत नाय. तू घाबरू नको बाई. विश्वास ठेव. प्रभू हाय ना."

प्रभू हाय ना, असं म्हणताना त्या पडद्याकडं बघत होत्या.

८

दोन दिवसांनी प्रणय पैठण रोडवर चितेगावच्या अलीकडं गाडीवर झोपला. रात्रीची पाळी, मग कंपनीची. दुभाजकाला घासून पडला. हात मोडला, डोकं हेल्मेटमुळं वाचलं. मागून येणाऱ्या टँकरवाल्यानं ब्रेक लावला म्हणून मी आज ही ओळ अशी लिहू शकते.

प्लास्टर घालून घरी आणला. सासूबाईंनी त्याला जवळ घेतलं, रडल्या, आणि डोळे पुसता पुसता म्हणाल्या, "आता ह्याची पण पाळी मेघाला घ्यावी लागंल." प्रणयनं मान डोलावली. त्याच्या डोळ्यांखाली तसेच खड्डे होते, दादांसारखे. वर्षभरात त्या फोटोशेजारी दुसरा फोटो लागेल, मला स्वच्छ दिसलं. तोही नुसत्या जन्मतारखेचा.

मी गच्चीवर जाऊन पपांना फोन लावला. काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "पपा, आईच्या वेळी तुम्हाला भीती नव्हती वाटत?"

"लई वाटत होती," ते म्हणाले. "पाय कापत होते माझे. चहा सांडला होता, तुला आठवत नाय?"

"मग आमेन म्हणून गप्प कसे बसलात?"

"बोलत राहायला विश्वास लागत नाय पोरी. तो गप्प बसायला लागतो."

"आणि देवानं तर ऐकलं नाही."

"नाय ऐकलं," पपा म्हणाले. "जेवलीस का?"

संध्याकाळी सतरंजीवर चौघं बसलो. दादांनी केली, सासूबाईंनी केली, प्रणयनं केली. माझी पाळी आली. मला कसलंही बळ आलेलं नव्हतं, हे लिहून ठेवते. वर कुणी ऐकतंय असं तेव्हाही वाटलं नाही. पलीकडं इंद्रजीत आहेत की ते दुसरं काही, हेही मला कळलेलं नव्हतं. आजही ठामपणे सांगता येणार नाही. एवढंच कळत होतं, की जे काही आहे ते माझ्यानं धरवणार नाही आणि धरायचं कामही माझं नाही.

मी डोळे उघडे ठेवले.

"हे प्रभू," मी म्हणाले, "इंद्रजीत तुझा आहे. आम्ही भ्यालो म्हणून आम्ही त्याला तुझ्याकडं दिलं नाही. तू जे करशील ते कर. आम्हाला कळलं नाही तरी कर."

दादांची मान वर आली. प्रणय म्हणाला, "मेघा," आणि मग अगदी हळू, "मेघा, नको ना." तोच "ना". त्याचा चांगला हात माझ्याकडं आला आणि अर्ध्यावर थांबला. तो का थांबला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. विचारण्याइतकं आमचं बोलणंही आता होत नाही.

पडदा आत ओढला गेला आणि थांबला. खळगा खाली, पलंगाच्या उंचीवर होता. मग तो वर यायला लागला, सावकाश, कुणी उशीवरून उठून बसावं, उभं राहावं, उंबऱ्याशी यावं तसा. चौकटीवर एक बोट आलं. मग दुसरं.

सासूबाई माझ्या अंगावर आल्या. तो लसणाच्या वासाचा हात माझ्या तोंडापाशी पोचला. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि खाली, माझ्या मांडीवर घेतला. त्यात जोर नव्हता. कितीतरी दिवस न झोपलेल्या बाईचा हात होता तो.

पडद्यामागं ते वाट बघत होतं. आम्ही चौघं वाट बघत होतो.

"मम्मी, दादा, प्रणय," मी म्हणाले. "आमेन."